सिडनी आधी, गाडी नंतर

पत्र मेलबर्नच्या टार्नीट भागातून आलं आहे. लिहिणाऱ्या बाईंनी नाव छापू नका असं कळवलंय. पत्र लांब आहे, मुद्द्याचा भाग देते.

"ताई, सासू-सासरे साताऱ्याहून नोव्हेंबरात आलेत, एप्रिलअखेर परत जातील. नवऱ्याने ठरवलंय की सहा बर्थचं मोटरहोम भाड्याने घ्यायचं, 27 डिसेंबरला निघायचं, समुद्राकाठच्या रस्त्याने सिडनी गाठायची, बंदराजवळ गाडी लावायची आणि 31 तारखेची आतषबाजी गाडीच्या टपावर बसून बघायची. मग ह्यूम हायवेने दोन दिवसांत परत. आम्ही दोघं, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा, आणि आई-बाबा. सासूबाई माळकरी आहेत, बाहेरचं शक्यतो खात नाहीत, गुडघेही दुखतात. सासरे एसटीत चालक होते, ते म्हणतात गाडी मीच चालवतो. सगळे खूश आहेत. मला मात्र एवढंच दिसतंय की घरातलं स्वयंपाकघर चाकांवर चढणार आणि मी त्यातच उभी राहणार. मी खोडा घालतेय असं कुणाला वाटू नये, पण हे जमण्यासारखं आहे का? आणि संडासाची टाकी कोण रिकामी करणार, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. – टार्नीटची सून"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ज्याने मोटरहोम घ्यायचं ठरवलं, टाकी तो रिकामी करणार. हे बुकिंगच्या आधी घरात सगळ्यांसमोर ठरवून घ्या. नंतर ठरवायला गेलात तर ते तुमच्याच गळ्यात पडेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता बेताचं. मोटरहोमची कल्पना वाईट नाही. चार वर्षांचं पोर, गुडघे दुखणाऱ्या आजी आणि दर दोन तासांनी चहा लागणारे आजोबा, अशा कुटुंबाला स्वतःचा संडास आणि स्वतःची चूल बरोबर असणं ही मोठीच सोय. पण ही सोय रस्त्यावरची. शहरात शिरलं की तीच गाडी लोढणं होते. म्हणून मी तुमचा बेत मोडायला सांगत नाही, उलटा फिरवायला सांगते. विमानाने सिडनीला जा, तीन-चार दिवस शहर गाडीशिवाय बघा, मग तिथे मोटरहोम ताब्यात घ्या आणि समुद्राकाठाने रमतगमत मेलबर्नला घरी या. आणि हे डिसेंबरात नको, एप्रिलच्या शाळेच्या सुट्टीत करा. सासू-सासरे तेव्हा इथे आहेतच.

31 डिसेंबरचं खूळ आधी निकालात काढू. त्या दिवशी सिडनी बंदराच्या आसपासचे रस्ते बंद असतात, चांगल्या जागा धरायला लोक सकाळपासून चटया टाकून बसतात, आणि सव्वातीन मीटर उंचीची गाडी घेऊन तिथे लावायला जागा शोधणं हा विनोद आहे. शहरात रस्त्याकडेला गाडीत झोपायला बहुतेक ठिकाणी मनाईच असते, दंड होतो. टपावर चढण्याचं तर नावही काढू नका. ते टप माणसांच्या वजनासाठी केलेलं नसतं, आणि टपाला झालेलं नुकसान बहुतेक भाडेकरारांत विम्याच्या बाहेर असतं. त्यातून नाताळ ते जानेवारी हा इथल्या किनाऱ्यावरचा ऐन हंगाम. कॅरव्हान पार्कांतल्या, म्हणजे मोटरहोम लावून मुक्काम करायच्या तळांवरच्या, चांगल्या जागा वर्षभर आधी जातात, कित्येक कुटुंबं दरवर्षी तीच जागा राखून ठेवतात. उरलेल्या जागांवर किमान इतक्या रात्री राहिलंच पाहिजे अशी अट, दर चढे, आणि मोटरहोमचं भाडंही वर्षातलं सगळ्यात जास्त.

दुसरी गोष्ट जरा गंभीर आहे. तुमचा रस्ता पूर्व गिप्सलँडच्या जंगलातून जातो आणि डिसेंबर-जानेवारी हा वणव्यांचा काळ. 2019 च्या 31 डिसेंबरला मालाकूटा या किनाऱ्यावरच्या गावात हजारो माणसं आगीपासून वाचायला पाण्याच्या काठावर जमली होती, सुट्टीवर आलेले पर्यटकही त्यात होते. पुढे नौदलाच्या जहाजाने लोकांना बाहेर काढावं लागलं, हायवे कित्येक आठवडे बंद होता. दरवर्षी असं होत नाही, पण दोन लहान मुलं आणि दोन म्हातारी माणसं घेऊन त्या टप्प्यात अडकायची शक्यता तरी कशाला ठेवायची? आतषबाजी बघायचीच असेल तर मेलबर्नला बघा. किंवा पुढे कधी तुम्ही चौघंच सिडनीला जाल तेव्हा रात्री 9 ला मुलांसाठी होते ती बघून ट्रेनने परत या.

एप्रिलमध्ये समुद्राचं पाणी अजून ऊबदार असतं, माश्या कमी झालेल्या असतात, वणव्यांचा जोर उतरलेला असतो. फक्त ईस्टरचे चार दिवस चुकवा, तेव्हा पुन्हा सगळं भरतं. आणि एक लक्षात ठेवा: एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर त्या किनाऱ्यावर साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो, आणि दिवस मावळता मावळता कांगारू रस्त्यावर येतात. मोटरहोम पटकन थांबत नाही आणि वळवून चुकवायला गेलात तर कलंडते. म्हणून चारच्या आत मुक्कामाला पोचायचं. कॅरव्हान पार्काची कचेरीही संध्याकाळी लवकर बंद होते, हे दुसरं कारण.

आता उलट्या बेतातला फायदा. इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. मेलबर्नहून सिडनीला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे. थांबून बघण्याच्या प्रत्येक जागेसाठी वाहतूक अडवून उजवीकडे वळायचं आणि पुन्हा तसंच बाहेर पडायचं. सिडनीहून मेलबर्नकडे येताना समुद्र डावीकडे, सहज आत घेता येतं. पहिल्यांदाच सात मीटरची गाडी चालवणाऱ्याला याने केवढा फरक पडतो ते नवऱ्याला नकाशा समोर ठेवून दाखवा. शिवाय विमानाने गेलात की सासूबाई सिडनीला ताज्यातवान्या पोचतात. तुमच्या मूळ बेतात त्या चार दिवस गाडीत अंग आंबवून मग बंदर बघणार होत्या, आणि वर ह्यूम हायवेवर जवळजवळ पावणेनऊशे किलोमीटर उरलेच. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचं म्हणजे वेगळा आकार लागतो, कबूल. पण ह्यूमवरच्या दोन दिवसांचं भाडं आणि डिझेल वाचतं, त्यात तो बराचसा निघतो.

सिडनीत चॅट्सवूडच्या आसपास दोन बेडरूमचं अपार्टमेंट बघा. 2024 च्या ऑगस्टपासून तिथली मेट्रो बंदराखालून थेट शहरात जाते. गाडीला ड्रायव्हर नाही, म्हणजे पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी मुलगा आणि आजोबा दोघांचीही सोय झाली. स्टेशनांना लिफ्ट आहेत, गुडघ्यांचा प्रश्न मिटला. मोठी माणसं बँकेचं कार्ड टॅप करून जाऊ शकतात, पण मुलीला लहान मुलांचं ओपल कार्ड घ्या. बँकेच्या कार्डावर पूर्ण तिकीट कापलं जातं. चार वर्षांच्या मुलालाही तेच कार्ड लागेल, तिथे 4 पूर्ण झाले की तिकीट सुरू होतं. विमानतळाच्या स्टेशनाला प्रवासभाड्याखेरीज वेगळा आकार आहे, चार मोठे म्हटल्यावर तो चांगलाच बसतो, तेव्हा मोठी टॅक्सी काय घेते ते ताडून बघा.

काय बघायचं ते तुम्ही ठरवालच. माझ्या मते सासू-सासऱ्यांसाठी सगळ्यात उत्तम म्हणजे सर्क्युलर क्वेवरून मॅनलीची फेरी. अर्ध्या तासात ऑपेरा हाउस, पूल, अख्खं बंदर बसल्या जागी दिसतं, आणि तिकीट साध्या बोटीचं. परतताना संध्याकाळची बोट घ्या. सासूबाईंना एका जेवणापुरतं हॅरिस पार्क या भारतीय वस्तीच्या उपनगरात न्या. तिथे शुद्ध शाकाहारी खानावळी आहेत आणि वाणसामानही मिळतं. मोटरहोमसाठी पीठ, डाळ, तांदूळ तिथेच भरा, विमानातून ओझं नको.

नवरा तरीही म्हणाला की नाही, सिडनीतही गाडी हवीच, तर एकच जागा सुचवते. नॉर्थ राइडला लेन कोव्ह नॅशनल पार्कात कॅरव्हान पार्क आहे, शहरापासून दहाएक किलोमीटरवर, झाडीत. तिथून मेट्रोचं स्टेशन पंधराएक मिनिटं चालत. गाडी तिथे लावायची आणि शहर सोडेपर्यंत हलवायची नाही. खाण्याचं सामान मात्र बाहेर टेबलावर ठेवू नका, तिथले रानटर्की पक्षी निर्लज्ज आहेत. त्या गाडीने टोलच्या रस्त्यांवर चढू नका. सिडनीत 2.8 मीटरपेक्षा उंच गाडी मोठ्या वाहनांत धरतात आणि बऱ्याच मोटरवेंवर टोल तिप्पट पडतो. नकाशाच्या अॅपमध्ये टोल टाळायची खूण केली की दक्षिणेकडून येताना ब्लेकहर्स्टपासून ए-3 रस्ता तुम्हाला थेट नॉर्थ राइडला आणून सोडतो. सिग्नल खूप आहेत, पण फुकट आहे.

उंचीचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करते, कारण मोटरहोमचे सगळ्यात महागडे अपघात वरच्या बाजूला होतात. तुम्ही मेलबर्नकर, तेव्हा माँटेग्यू स्ट्रीटचा 3 मीटरचा पूल तुम्हाला सांगायला नको. त्याखाली अडकणाऱ्या ट्रकच्या चालकांनाही पाटी दिसलेली असतेच. गाडीची उंची मीटरमध्ये कागदावर ठळक लिहून चालकासमोर चिकटवा. मॉलचं पार्किंग, बर्गरवाल्यांची गाडीतून ऑर्डर द्यायची रांग आणि जुन्या पेट्रोलपंपाचं छप्पर या तीन जागी माणूस सवयीने शिरतो. टपाचं, गाडीच्या पोटाचं आणि गाडी आपणहून कलंडली तर होणारं नुकसान साध्या विम्यात बहुधा येत नाही, आणि अनामत रक्कम हजारो डॉलरांत असते. वाढीव विमा घ्या, आणि घेतल्यावरही वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. ही जबाबदारीही नवऱ्याचीच.

सासऱ्यांचं काय करायचं? पाहुण्या व्हिसावर आलेल्या माणसाला इंग्रजीतल्या परवान्यावर इथे गाडी चालवता येते, पण कंपनीने त्यांचं नाव चालक म्हणून करारात लिहिलं पाहिजे, आणि त्यासाठी कंपनीची वयाची अट बघावी लागेल. नाव लागत असेल तर लावा. एखाद्या सकाळी, सरळ रुंद रस्त्यावर, तासभर त्यांच्या हातात स्टिअरिंग द्या. उरलेल्या वेळी त्यांना पुढच्या सीटवर बसवा. ज्या माणसाने आयुष्यभर खंबाटकी उतरवला त्याचा उपयोग या प्रवासात फार आहे. सिडनीहून वुलनगाँगला उतरताना माउंट औस्लीचा लांबलचक उतार लागतो. ऑटोमॅटिक गाडी आहे म्हणून तुमचा नवरा ब्रेकवर पाय ठेवून उतरेल आणि ब्रेक तापवेल. गिअर खाली घे, असं त्याला सांगायचा हक्क घरात फक्त एका माणसाला आहे. रिव्हर्सच्या वेळीही सासऱ्यांनाच खाली उतरवा. मागच्या चाकांच्या मागे गाडीचं बूड बरंच बाहेर येतं, वळताना ते उलट्या बाजूला झाडू मारल्यासारखं फिरतं. आरडाओरडा करण्यापेक्षा एसटीची खूण ठरवा: गाडीवर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे जाऊ दे.

सहा बर्थ म्हणजे सहा माणसं आरामात, असा अर्थ काढू नका. रात्री बेड कुठून येतात ते बघा. एक चालकाच्या डोक्यावर, शिडीने चढायचा. दुसरा जेवायच्या टेबलाचा, फळी खाली घेऊन वर गाद्या लावायच्या. तिसरा मागच्या बाकांचा. म्हणजे आजोबांना पहाटे पाचला चहा हवा असेल तर टेबलावर मुलं झोपलेली, आणि रात्री साडेआठला मुलांना झोप आली तर मोठ्यांनी बसायचं कुठे? तुम्ही दोघं वर, मुलं टेबलाच्या बेडवर, आई-बाबा मागे, अशी वाटणी करा. चार वर्षांच्या पोराला वर झोपवू नका, पडेल. पण माझा खरा सल्ला वेगळा आहे. बहुतेक मोठ्या कॅरव्हान पार्कांत छोट्या केबिन असतात, आत संडास-बाथरूम, खरा पलंग. एकाआड एक मुक्कामी आई-बाबांसाठी केबिन घ्या. खर्च वाढेल, तो वाढू द्या. त्यांनाही रात्री दार लावून झोपायला मिळेल आणि तुम्हालाही.

बसण्याच्या जागांचं कंपनीला फोन करूनच विचारा. गाडी चालू असताना सहाही जणांना पट्टा लावून बसावं लागतं. चालत्या गाडीत उठून चहा टाकायचं जे चित्र नवऱ्याच्या डोक्यात आहे, ते आधी पुसा. मुलाला चाइल्ड सीट कायद्याने लागणारच, 7 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागते. आणि तिचा वरचा पट्टा अडकवायचे हूक मोटरहोममध्ये मोजक्याच सीटना असतात. नेमक्या कोणत्या सीटला आहेत, हे लेखी घ्या. मुलगी 9 वर्षांची असली तरी पट्टा मानेवर येत असेल तर तिच्यासाठीही बूस्टर मागा.

वजनाकडेही बघा. साध्या कारच्या परवान्यावर चालावी म्हणून या गाड्या एकूण साडेचार टनांच्या आत बसवलेल्या असतात. गाडीचं स्वतःचं वजन, सहा माणसं, डिझेल, गॅस धरला की सामानाला फार काही उरत नाही. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. मोठ्या सूटकेस नकोतच, त्या ठेवायलाही जागा नसते. घडी होणाऱ्या कापडी बॅगा घ्या.

आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येते, स्वयंपाकघराकडे.

त्या चुलीवर सहा माणसांचा रोजचा साग्रसंगीत स्वयंपाक होत नाही, आणि तो न होणं हीच तुमच्या सुटकेची जागा आहे. शेगड्या जवळजवळ, ओटा दोन ताटांएवढा. मिरचीची फोडणी दिली की डोक्यावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागतो, मग एकजण टॉवेल हलवत उभा, दुसरा दार उघडतोय, धाकटा कानावर हात ठेवून रडतोय. म्हणून गाडीत फक्त चहा, दूध, उपमा, खिचडी. मोठा स्वयंपाक पार्काच्या सामाईक स्वयंपाकघरात. तिथे मोठे ओटे, सिंक, शेगड्या असतात आणि मुख्य म्हणजे तिथे पुरुषांनी काम केलं तर चारचौघांत दिसतं, त्यामुळे ते करतातही. मात्र तिथल्या बार्बेक्यूच्या लोखंडी तव्यावर मांस भाजलेलं असतं. सासूबाईंसाठी घरचा एक तवा आणि एक पातेलं वेगळं न्या, त्यावर दुसरं काही नाही, म्हणजे त्यांच्या मनाला शंका राहणार नाही. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला हे घरून. मिक्सर नेऊ नका. मायक्रोवेव्ह, एसी, मिक्सर हे सगळं पार्कातल्या विजेला गाडी जोडली तरच चालतं, गाडीच्या बॅटरीवर नाही. जागा बुक करताना वीज असलेलीच घ्या.

स्टीलचे डबे नेणार असाल तर डब्यांमध्ये नॅपकिन कोंबा. पहिल्या गोल चौकात ते असे खणखणतात की मागे काहीतरी तुटलं म्हणून नवरा गाडी थांबवेल. प्रत्येक खण खट्ट आवाज येईपर्यंत लावायचा, कुकर शेगडीवर कधीच ठेवून निघायचं नाही, निघण्याआधी गॅसची टाकी बाहेरून बंद करायची, वीज सोडवायची, पायरी आत घ्यायची. हे काम नऊ वर्षांच्या मुलीला द्या. त्या वयातली पोरं असल्या कामात मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात, तिने "झालं" म्हटल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. स्वयंपाकाच्या पाळ्याही निघण्याआधी लावा. सकाळचा चहा-नाश्ता नवऱ्याकडे, दुपारी वाटेत कुठेतरी, रात्रीचं एकाआड एक. सासूबाई "त्याला काय जमतंय" म्हणतील. म्हणू द्या, उपमा गिचका झाला तरी खातील.

टाकीबद्दल थोडं, म्हणजे नवऱ्याला वाचून दाखवता येईल. संडासाखाली चाकं लावलेल्या सूटकेसएवढी एक पेटी असते, ती बाहेरच्या बाजूने ओढून काढायची आणि डंप पॉइंटवर रिकामी करायची. पार्कांत आणि कित्येक गावांच्या कडेला असे डंप पॉइंट असतात. त्यात कंपनीचं औषध घालायचं, साधं फिनेल नाही. सहा माणसांत ती फार लवकर भरते, म्हणून नियम करा: पार्कात असताना पार्काचंच स्वच्छतागृह, गाडीतलं फक्त रात्रीसाठी आणि वाटेतल्या अडचणीसाठी. अंघोळही तिकडेच. गाडीतला नळ संडासाच्या त्याच कोठडीत आणि गरम पाणी बघता बघता संपतं. सासूबाईंसाठी एक मग आणि आत पायाखाली घ्यायला रबरी चटई ठेवा, तिथली जमीन घसरते.

वाट मी अशी धरीन. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी घाई नको. कंपनीचा माणूस सगळं भराभर दाखवतो, ते फोनवर चित्रित करून घ्या, आणि आधीचे ओरखडे टिपायला टपाचेही फोटो काढा. मग टोल नसलेल्या प्रिन्सेस हायवेने दक्षिणेकडे. पाऊण-एक तासात हेलेन्सबर्गचं श्री वेंकटेश्वर मंदिर येतं. पार्किंग ऐसपैस, शनिवार-रविवारी कॅंटीनमध्ये इडली-डोसा. शनिवारी गाडी घेतलीत तर पहिलं जेवण तिथे, आणि सासूबाईंना गाडीला हार घालायचा असेल तर तोही तिथेच. पहिला मुक्काम कियामाला, समुद्राला उधाण असेल तर खडकातल्या भोकातून पाण्याचं कारंजं उडतं, नसेल तर नुसतं भोक बघायचं. पुढे दोन रात्री हस्किसनला. जर्व्हिस बेची पांढरी वाळू सगळ्यांना हवी असते, पण हायम्स बीचला मोठी गाडी नेऊ नका, त्या एवढ्याशा गावात सुट्टीत कारलाही जागा नसते. हस्किसनहून डॉल्फिन दाखवायला बोटी जातात, मुलांना तेवढं पुरे.

तिथून मेरिम्बुलापर्यंतचा पल्ला मोठा, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. हाच सासऱ्यांचा सकाळचा तास असू दे. मेरिम्बुलाला दोन रात्री. जवळ ईडनच्या संग्रहालयात 'ओल्ड टॉम' नावाच्या किलर व्हेलचा सांगाडा आहे. हा आणि त्याचा कळप देवमाशांना खाडीत अडवून माणसांना शिकारीत मदत करायचा, तो 1930 मध्ये मेला. मुलगी ही गोष्ट वर्षभर शाळेत सांगेल. ईडन सोडताना डिझेल भरून घ्या, पुढे ऑर्बॉस्टपर्यंत जंगल, वळणं आणि मोबाइलला रेंज नाही अशी स्थिती. कॅन रिव्हरला थांबून पाय मोकळे करा. मग लेक्स एन्ट्रन्सला दोन रात्री, आणि तिथून घर साडेतीनशेएक किलोमीटर.

डिझेल भरताना एक बघा. गाडीला निळ्या झाकणाची दुसरी टाकी असेल तर ती ॲडब्लूची, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची. दोन्हींची अदलाबदल झाली तर इंजिनाचं काम निघतं आणि तो खर्च भाडेकरूचा.

शेवटच्या दिवशी थेट डेपोवर जाऊ नका. आदल्या संध्याकाळी गाडी टार्नीटला घरी आणा, सामान उतरवा, झाडूनपुसून घ्या. संडासाची पेटी मात्र लेक्स एन्ट्रन्सलाच रिकामी झालेली हवी, भरलेली परत केली तर कंपनी जबर पैसे कापते. हे डेपो दुपारीच बंद होतात, तेव्हा सकाळी डिझेल भरून तासभर हातात ठेवून निघा. तिथे तुमची गरज नाही. बाप-लेक जातील, एकजण मोटरहोम घेऊन आणि दुसरा मागून घरची कार घेऊन.